खिडकी क्रमांक चार

मी दफनभूमी कार्यालयात बसते,
डुइसबुर्ग नगरपालिका, तळमजला.
जमीन भाड्यानं देते.
पंचवीस वर्षं. मुदत वाढवता येते.
नाही वाढवली तर दगड उचलतात,
आणि जागा पुन्हा नुसती जागा होते.
हे वाक्य मी दिवसातून सहा वेळा म्हणते,
ढगाळ राहील म्हणावं, तशा आवाजात.

आज एकतीस नंबरची चिठ्ठी घेऊन
माझे आजोबा आले.
घरी बोलले नाहीत. घरी बाबा असतात.
पाऊण तास बाकावर बसले,
टोपी गुडघ्यावर, नजर आकड्यांच्या पाटीवर,
आणि त्यांचा नंबर लागला तेव्हा
जर्मनमध्ये, मला ‘तुम्ही’ म्हणाले.

फायलीत मय्यत फंडाच्या पावत्या,
चौऱ्याऐंशीपासूनच्या. एकही साल सुटलेलं नाही.
मेल्यावर पेटी विमानात चढवणारा फंड,
झोंगुलडाकच्या वरच्या अंगाला,
त्यांच्या गावापर्यंत.
पावतीवर घरातल्या प्रत्येकाचं नाव.
अठरा पूर्ण झाल्यावर मी माझं काढून घेतलं
आणि त्या पैशांत तलावाचा वर्षाचा पास काढला.
ते कधी काही बोलले नाहीत.
पण नाव गळलं की यादी आखूड होते,
आणि खाणीत हजेरी घेतलेल्या माणसाला
आखूड यादी लगेच दिसते.

‘सत्तावीस नंबरचा भाग,’ ते म्हणाले.
‘तिथं तोंड किब्ल्याकडे होतं?’
हो. आग्नेयेला. मोजून घेतलंय.
(मोजणारा श्टेफान रविवारी चर्चमध्ये ट्रम्पेट वाजवतो,
दोन अंश चुकले म्हणून त्यानं
एक अख्खी रांग पुन्हा आखली होती.)
‘पेटीशिवाय? नुसत्या कफनात?’
चालतं. कायदा बदललाय.
‘आणि पंचवीस वर्षांनी?’
मी ते वाक्य म्हटलं.
आज ते अर्ध्यावर अडकलं,
खोकून पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

मग मी नियमात नसलेला प्रश्न विचारला, तुर्कीत:
आणि आजी?
आजी तिकडे आहे. दोन हजार अकरा.
मालवाहतुकीच्या कागदावर तिचं वजन होतं, पेटीसह,
तो कागदही फायलीत आहे.

‘हाजेरला सवय आहे,’ ते म्हणाले.
‘बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर.
मी इथं कोळशात, ती तिथं एर्दालला घेऊन.
दर शुक्रवारी पोस्टापर्यंत चालत यायची.’
टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर.
‘सांगेन तिला.’
कसं, ते मी विचारलं नाही.

का, तेही नाही.
एवढंच माहीत आहे की गेल्या उन्हाळ्यात
गावच्या चहावाल्यानं त्यांना पाहुण्याचा भाव सांगितला
आणि त्यांनी तो दिला.

फॉर्मवर एक रकाना असतो:
मुदतीअखेर संपर्क कोणाशी.
त्यांनी बोटांवर हिशेब केला.
‘तेव्हा एर्दाल ऐंशीचा. आणि तू छप्पनची.’
तू.
मला नमाजातलं उठणं-बसणं तेवढं आठवतं, शब्द नाहीत.
रमजानात मी कॉफी पिते ती
त्यांच्या गल्लीपासून दोन स्टॉप लांब उतरून.
हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे
हे मला.
‘प्रार्थना येत नसेल तर राहू दे,’ ते म्हणाले,
‘भाडं वेळेवर भर.’

आमच्या संगणकात तुर्की अक्षरं नीट उमटत नाहीत.
छापून आलेल्या फॉर्मवर माझं नाव होतं,
पण ‘च’च्या खालची छोटी शेपटी नव्हती.
आजोबांनी खिशातून पेन काढलं,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि ती शेपटी हळूच काढली,
खिळ्याला टांगलेली वस्तू सरळ करावी तशी.
गुल्चिन.

मी शिक्का मारला.
बाबांना कोण सांगणार, मी विचारलं.
‘मागं माणसं बसलीयत,’ ते म्हणाले, पुन्हा जर्मनमध्ये,
‘तुम्ही पुढचा नंबर घ्या.’

बत्तीस, मी पुकारलं.